पाचवी चव

१

माझ्या सहलीत चवी चारच. पाच नाहीत, साडेचारही नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या हंगामात ज्याने त्याने मलाच मोजणी शिकवली.

सकाळच्या बोटीने स्फाक्सहून पाहुणे केरकेना बेटावर उतरतात. मी, शाद्ली, धक्क्यावर आठ बॅटरीवाल्या सायकली पुसून उभा असतो. आमचं बेट तळहातासारखं सपाट. चढच नाही तर बॅटरी कशाला, असं माझा थोरला भाऊ तिजानी अजून विचारतो. चढ नाही, पण वारा आहे, आणि शहरातल्या माणसाला वाऱ्याशी भांडायची सवय नसते. किनाऱ्याच्या वाटेने निघायचं. पहिला थांबा मब्रुकामावशीच्या अंगणात: मातीच्या भट्टीतली जवाची भाकरी आणि म्हातारीच्याच झाडांचं ऑलिव्ह तेल. दुसरा कोळ्यांच्या आवारात, तिथे ऑक्टोपस धुतलेल्या कपड्यांसारखे दोरीवर वाळत असतात, ते निखाऱ्यावर भाजून देतात. तिसरा खजुरीच्या बागेत, ताजी नीरा. आणि चौथा जुन्या धक्क्याजवळ झावळ्यांच्या मांडवात. तिथे माझी बायको वसीला जवाच्या कण्या आणि ऑक्टोपसचा रस्सा वाढते.

रस्सा खाऊन झाला की पाहुण्यांना तासभर मोकळं सोडायचं. पुढे वाट सरळ आहे, एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला उथळ समुद्र. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. ते परत येईस्तोवर मी आणि वसीला भांडी घासतो. मग पाहुणे माझ्या वहीत दोन ओळी लिहितात आणि बोटीला लागतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका जर्मन बाईने मोडक्या फ्रेंचमध्ये लिहिलं, "पाचही घरं सुंदर. पाचवं सगळ्यांत."

मी ते वसीलाला वाचून दाखवलं. "बघ, एवढी शिकलेली बाई, आणि पाचापर्यंत मोजता येत नाही."

"पाचवं घर कुठलं रे?" वसीला म्हणाली. पातेलं घासता घासता तिचा हात थांबला होता.

घर म्हटलं की तिचा हात थांबतोच. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं आम्ही तिजानीच्या घरातल्या मागच्या खोलीत राहतोय, आणि स्वयंपाकघर वहिनीचं. वसीलाचं मागणं एवढंच होतं, की लहान का होईना, आपलं एक घर असावं आणि चुलीपाशी उभं राहिलं की समुद्र दिसावा. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे हा विषय दर वर्षी मागे पडत गेला. मी म्हणायचो, पुढच्या हंगामात बघू. मी ते इतक्यांदा म्हटलं होतं की शेवटी ती माझ्या आधीच ते वाक्य पुरं करायची.

२

पुढच्या आठवड्यात तिघांनी पाच लिहिलं. एकाने तर घराचं चित्रही काढलं: पांढऱ्या भिंती, निळं दार.

म्हणजे मोजणी चुकत नव्हती. माझ्या मोकळ्या तासात कोणीतरी माझी गिऱ्हाइकं पळवत होतं. संशय घ्यायला मला लांब जावं लागत नाही. चुलतभाऊ लमजद हॉटेलच्या दारात सायकली भाड्याने देतो आणि माझं काही बरं चाललेलं त्याला बघवत नाही. मी तडक त्याच्याकडे गेलो.

"लमजद, माझ्या पाहुण्यांना काय खायला घालतोस?"

"शिव्या," तो म्हणाला. "माझ्या सायकली सोडून तुझ्या घेतात ना, म्हणून."

"जुन्या धक्क्याच्या पुढे टपरी टाकलीस की नाही?"

"तिथे? खाजणात? मच्छरांना चहा विकू?" त्याने हातातला पाना खाली ठेवला. "शाद्ली, भावा, तुझा संशय असाच वाढत गेला ना, तर एक दिवस तू स्वतःच्या सावलीला ओळखपत्र मागशील. त्या वाटेच्या टोकाला काही नाही. तुझ्या बापाचा समुद्र आहे फक्त."

हे खरं होतं. आमच्याकडे समुद्रालाही मालक असतो. कुंपण नसलं तरी कुठवर कोणाचं ते पोरासोरांना ठाऊक असतं, आणि बापाचा तुकडा मुलाकडे येतो. वडील तिथे मडकी टाकायचे. एक लांब दोर, त्याला दर बारा वावांवर एक मडकं, आणि सगळं तळाशी सोडून द्यायचं. मडक्यात आमिष घालत नाहीत. ऑक्टोपस भुकेने येतच नाही, तो घर शोधत येतो. "ज्याला बीळ आहे तो मडक्याकडे ढुंकूनही बघत नाही," वडील म्हणायचे. "ज्याला नाही, त्याला रिकामं घर पुरतं."

मी लहानपणी त्या जनावराला फार हसायचो. मडकं वर ओढताना त्याचं तोंड सताड उघडं असतं. निसटून जायला काय लागतं? पण मडकं हललं की तो घाबरून आणखी आत जातो, आणि जवळचे दगडगोटे ओढून दार बंद करतो. मग हात घालून ओढलं तर तुटेल, पण सुटणार नाही. त्यासाठी मडक्याच्या बुडाला बारीक भोक असतं. त्यातून मूठभर मीठ टाकायचं. आग आग होऊन तो बाहेर पडतो.

वडील गेले तेव्हा त्यांचा शेवटचा दोर पाण्यातच होता. टाकलेला दोर ओढायचा असतो, हे बेटावर सगळे जाणतात. मी ओढला नाही. मला समुद्राचा कंटाळा आला होता आणि सायकली यायच्या होत्या. नऊ वर्षं झाली त्याला.

३

सी बेशीर, म्हणजे बेशीरसाहेब, म्हणून ट्यूनिसचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. आयुष्यभर जमिनी मोजण्याची नोकरी केलेला माणूस. फिरून आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सी शाद्ली, थांबे तुम्ही मोजून ठेवलेत का हो?"

"मोजून म्हणजे?"

"सायकलीच्या पडद्यावर किलोमीटर दिसतात ना. पहिला थांबा चारावर, दुसरा आठावर, मग बारा, मग सोळा. आणि पाचवा बरोबर विसावर. वीतभर इकडेतिकडे नाही. एवढी शिस्त मी सरकारी कामात पाहिली नाही."

थांबे मीच निवडले होते. कोणाकडे सावली आहे, कोणाकडे संडास आहे आणि कोण पाहुण्यांवर खेकसत नाही, एवढंच पाहून निवडले होते. मोजलं कधीच नव्हतं. मी हसून म्हटलं, "आमचं काम चोख असतं."

"पण पाचव्या घरी कोणी का नसतं?"

"कोणी नव्हतं?"

"चिटपाखरू नाही! दार उघडं, टेबल मांडलेलं, रस्सा गरम. आम्ही हाका मारल्या. मग ही म्हणाली, इथली रीत असेल, पाहुण्याने लाजू नये म्हणून घरचे बाजूला होत असतील."

त्यांची बायको पुढे झाली. "रस्सा तुमच्या बायकोच्या हातचाच वाटला, खोटं कशाला बोलू. फक्त तिकडे वाटीच्या मधोमध एक शिजलेलं अंजीर होतं. मी ह्यांना चव बघायलासुद्धा दिलं नाही."

वसीला रस्सा शिजताना त्यात एक सुकं अंजीर टाकते. वाढायच्या आधी ते काढून घेते, म्हणून लोकांना ती गोडी कशाची ते कळत नाही. ते काढलेलं अंजीर आम्ही दोघं अर्धं अर्धं खातो, लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. ती आधी तिचा अर्धा भाग चावून खाते आणि उरलेला मला देते. हे तिजानीला माहीत नाही, वहिनीलाही नाही. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

४

त्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून घेतलं.

"तू पाहुण्यांना अजून कुठे जेवायला वाढतेस?"

वसीला माझ्याकडे बघत राहिली. "तुझं डोकं फिरलंय का? दिवसभर मी तुझ्या डोळ्यांसमोर असते. रात्री घोरत असतोस त्या भिंतीपलीकडे वहिनी असते. मी वाढणार कधी?"

"त्या रस्स्यात अंजीर होतं."

"काय?"

"वाटीत. तसंच ठेवलेलं."

ती दुखावली होती. तिने हात पुसले, पलंगाच्या कडेला बसली. "मी करीन तर काढीन ना रे. इतक्या वर्षांत एकदा तरी विसरले का?"

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. जे कोण रांधत होतं, त्याला अंजीर घालतात एवढं कळलं होतं. ते काढायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. म्हणजे कोणीतरी लांबून, झाकण उघडायच्या वेळेपर्यंतच पाहिलं होतं. मी माझ्या मनाला समजावलं की मांडवाला भिंती नाहीत, कोणीही बघू शकतं. लमजदची बायको, कोळ्यांच्या बायका, कोणीही.

"माफ कर," मी म्हटलं. "कोणीतरी आपली नक्कल करतंय. उद्या जाऊन बघतो."

"शाद्ली." तिने हाक मारली. मला वाटलं होतं ती विचारेल, कोण असेल. तिने विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते त्याची?"

५

दुसऱ्या दिवशी सहल नव्हती. मी भर दुपारी एकटाच निघालो. जुना धक्का गेला, मांडव गेला. पडद्यावर अठरा, एकोणीस. खाजणात बगळे उभे होते. विसाचा आकडा पडला आणि वाटेच्या टोकाला ते होतं.

पांढरं, बुटकं, निळ्या दाराचं घर. आमच्याकडे असतात तसंच. वाईट म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि मी कोणाची तरी खोड मोडायला आल्यासारखा रागाने सायकलीवरून उतरलो.

"कोण आहे घरात?"

उत्तर नाही. दार सताड उघडं. उंबऱ्यासमोर शिंपल्यांची रांग होती. आधी वाटलं शोभेला लावलेत. मग खाली वाकलो. सगळे रिकामे, आतून चाटूनपुसून स्वच्छ, मोठ्याशेजारी मोठा, लहानाशेजारी लहान. मी कोळ्याचा मुलगा आहे. बिळाच्या तोंडाशी असे शिंपले दिसले की आत कोणीतरी राहतंय हे ओळखायला मी सातव्या वर्षी शिकलो.

पण हे पाण्यातलं बीळ नव्हतं. घर होतं. मी स्वतःलाच दटावलं.

उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं. टेबल, त्यावर एक वाटी, एक चमचा. वाटीतून वाफ येत होती. पलीकडे चूल, चुलीवर खिडकी, खिडकीत समुद्र. जशी वसीला सांगायची तशीच, आणि कोनाड्यात तिला हवी असलेली बरण्यांची फळीही. त्यामागे आणखी एक दार होतं आणि त्यामागे अंधारी खोली. घराला मी बाहेरून फेरी मारली. बाहेरून त्या मागच्या खोलीला जागाच नव्हती. मागच्या भिंतीला तळाशी मोरीचं भोक होतं, मूठ मावेल एवढं. तिथून वास आला तो चुन्याचा नव्हता, ओल्या मातीच्या भांड्याचा होता.

घराला जोतं नव्हतं. वाळूवर नुसतं ठेवल्यासारखं. आणि भिंतीपासून वाळूखालून एक जाड वळ समुद्राकडे गेला होता. विजेची तार पुरली असेल, मी म्हटलं. तसाच एक वळ उलट दिशेला, मी आलो त्या वाटेच्या कडेने, मांडवाकडे जात होता. तीही तार असेल.

मग ऐकू आलं. दोर ताणला की तो ओल्या लाकडावर कुरकुरतो तसा आवाज. एकदाच.

हात लांब करून मी टेबलावरची वाटी ओढली आणि एक घोट घेतला. वसीलाचीच चव. मीठ तेवढं कमी होतं. तळाशी अंजीर होतं, अख्खं. वाटी मी तिथेच टाकली आणि बॅटरीचा जोर पुरा लावून पळालो. पाचव्या घराचं दार माझ्या पाठीमागे उघडंच होतं. त्याला मी नको होतो; मला बीळ होतं. तिजानीच्या मागच्या खोलीत माझं काय अडत होतं?

६

"काही नाही तिथे," मी घरी येऊन वसीलाला सांगितलं. "कोळ्यांचं पडकं खोपटं आहे. पाहुण्यांना गंमत वाटते."

"आणि अंजीर?"

"बाई चुकीचं बोलली असेल."

खोटं बोलताना मी कान चोळतो, हे ती मला लग्नापासून सांगत आलीय. माझा हात कानावर होता की नाही, मला आठवत नाही.

मी मोकळा तास बंद केला. पाहुण्यांना म्हटलं, पुढे वाट खचलीय. सायकलीच्या पिशवीत मिठाची पुडी ठेवायला लागलो, का ते स्वतःलाही सांगितलं नाही. चार दिवस काही झालं नाही. रात्री वसीला कुशीवर वळून म्हणायची, "नुसतं बघायला काय हरकत होती?" मी झोपल्याचं सोंग घ्यायचो.

सरळ सांगितलं असतं तर? की घर आहे, वसीला, अगदी तुझ्या मनातलं आहे, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. आणि त्याच दमात म्हटलं असतं, की उद्यापासून आपलं घर बांधायला घेऊ. एवढीच दोन वाक्यं होती. मी बोललो नाही, कारण पहिलं बोललो असतो तर दुसरं बोलावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी चौथ्या थांब्यावर पाहुणे जेवायला बसत होते. मी पाण्याच्या बाटल्या आणायला खजुरीच्या बागेपर्यंत गेलो. परतलो तर रस्सा वाढलेला, पातेलं झाकलेलं, आणि एक सायकल कमी.

"तुमची बायको म्हणाली, आत्ता येते," एका पाहुण्याने सांगितलं. "फार खुशीत होती."

पातेल्याच्या झाकणावर अर्धं अंजीर ठेवलेलं होतं. माझा वाटा.

७

सायकल दारासमोर नीट स्टँडवर लावलेली होती. वसीलाच्या चपला उंबऱ्याबाहेर, शिंपल्यांच्या रांगेत.

"वसीला!"

"ये ना आत." ती चुलीपाशी उभी होती, बाह्या सारून. बावीस वर्षांत तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. "बघ तर खरं, केवढी जागा आहे! खिडकी बघ. आणि ही फळी. कोणी बांधलं रे? तूच ना? म्हणून खोटं बोललास, लबाडा."

तिला वाटलं होतं मी तिला चकित करायला हे बांधून ठेवलंय.

"मी नाही बांधलं. बाहेर ये आधी."

"बांधलं नाहीस?" तिचा चेहरा उतरला. मग तिने चुलीच्या कडेवरून हात फिरवला. "असू दे. कोणाचं का असेना. रिकामंच आहे ना."

"वसीला, तुझ्या पाया पडतो. बाहेर ये. आपण बांधू. उद्याच सुरू करू."

"पुढच्या हंगामात," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती मला नेहमीसारखी माझ्याच वाक्याची आठवण करून देत होती.

मी पाय उचलला, पण उंबऱ्याच्या आत टाकला नाही. त्याऐवजी पुडी घेऊन घरामागे धावलो. मोरीच्या भोकाशी गुडघ्यांवर बसलो, मूठ भरली. आतून तिचा आवाज येत होता. ती गुणगुणत होती. बरण्या लावताना गुणगुणतात तसं. मिठाने काय होतं ते मी शेकडो वेळा पाहिलंय, कातडी पांढरी पडते आणि जनावर स्वतःभोवतीच पिळवटून निघतं. माझी मूठ भोकाशी होती आणि उघडत नव्हती. आणखी एक मिनिट, मी म्हटलं, एक मिनिट तिला तिच्या घरात राहू दे.

तेव्हा वाळूतला वळ फुटला. समुद्राकडे, उथळ पाण्यातून, दोर वर आला. शेवाळ्याने हिरवा झालेला, माणसाच्या मांडीएवढा जाड, आणि त्यातून पाणी निथळत होतं. दूर, जिथे पाणी गडद होतं तिथपर्यंत तो ताठ गेला होता. त्या टोकाला कोण होतं ते मी पाहिलं नाही. ते हात बदलून बदलून ओढत होतं, एवढंच दोराच्या झटक्यांवरून कळत होतं. वडीलही तसेच ओढायचे.

घर हललं. मी पुढे धावलो. टेबल एका बाजूला झुकलं होतं, वाटीतला रस्सा काठावर आला होता. दार सताड उघडं होतं आणि वसीला दारापासून चार पावलांवर, घाबरून दोन्ही हात पसरून उभी होती.

"उडी मार! इकडे ये!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वळली आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत धावली. आतून दगड एकावर एक रचल्याचा आवाज आला, फार घाईघाईने.

मी उंबऱ्याकडे झेपावलो आणि वाळूवर आपटलो. डोळ्यांत वाळू गेली. ती पुसेपर्यंत घर गेलं होतं. समोर चौकोनी ओला डाग होता, शिंपल्यांची रांग होती, आणि तिच्या चपला.

८

बेट लहान आहे, त्यामुळे तोंडं मोठी. पोलिसांनी खाजण पालथं घातलं. वहिनी म्हणाली, ती बोटीने स्फाक्सला गेली असेल, कोणाला माहीत कोणाबरोबर. लमजद मात्र रोज यायचा, काही न विचारता माझ्या सायकली चार्जिंगला लावून जायचा. एवढं चांगलं तो का वागतोय, असा संशयही मला आला, आणि त्याची लाज वाटली.

वहीत पुन्हा चारच लिहायला लागले लोक.

हिवाळ्यात मी घर बांधायला घेतलं. जुन्या धक्क्याच्या पुढे, वाटेच्या टोकाला, पडद्यावर बरोबर विसाचा आकडा पडतो तिथे. पांढऱ्या भिंती. निळं दार. चुलीवर खिडकी, खिडकीत समुद्र. बरण्यांची फळी तीनदा उतरवून पुन्हा ठोकली, कारण तिच्या हाताची उंची मला आठवत नव्हती. याचं मला सगळ्यात जास्त रडू आलं.

तिजानी बघायला आला. "सामान कधी आणतोस?"

"आणणार नाही."

"मग राहणार कसा?"

"राहणार नाही. रिकामं ठेवायचंय. दार उघडं."

त्याने माझ्याकडे बघितलं. तोही त्याच बापाचा मुलगा. तो सायकलीवर बसून निघून गेला.

मडकं टाकलं की जवळ थांबायचं नसतं, वडिलांनी शिकवलेलं. सारखं डोकावायचं नसतं. मी चाळीस दिवस तिकडे फिरकलो नाही. चार थांबे, चार चवी, पाहुणे, बोट.

आज दुपारी आलोय. पायरीवर बसून हे सगळं पुन्हा पुन्हा आठवतोय, कारण दार लावलेलं आहे. मी ते उघडं ठेवलं होतं. फटीतून दिसतं, आतून दगड रचलेत, माणसाने आत शिरावं एवढीच जागा ठेवून. उंबऱ्यासमोर शिंपले आहेत. मोठ्याशेजारी मोठा, लहानाशेजारी लहान.

पायरीवर झाकलेली वाटी आहे. मी ती चमच्याने तळापर्यंत ढवळली. अंजीर नाही. ते झाकणावर ठेवलंय, अर्धं, आणि चावलेल्या कडेवर दातांच्या खुणा आहेत.

मला सांगायला नको. आधी ज्याला अंजीर काढायचं असतं हे कळत नव्हतं, त्याला आता तिने ते शिकवलं असेल. ती त्याच्याजवळ इतके दिवस होती. किंवा मग आत तीच आहे, माझी वसीला, आणि माझा वाटा बाहेर ठेवून वाट बघतेय. मी आयुष्यभर शंका काढल्या. ही शेवटची आहे आणि ही मला सोडवता येत नाही.

आत कोणीतरी गुणगुणतंय. बरण्या लावताना गुणगुणतात तसं.

अंजीर मी खाल्लं. गोड होतं. चपला काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्यात. तिच्या चपला मी घरातून आणल्या नव्हत्या, त्या इथेच होत्या. माझ्यामागे वाळूखालून काहीतरी कुरकुरलं, तिकडे मी वळून पाहिलं नाही. खिसे चाचपले. मीठ नाही. ते मी आज घरीच ठेवून आलोय, मुद्दाम.

"आलो गं," मी म्हटलं, दार ढकललं, आणि दगडांमधल्या जागेतून शिरायला वाकलो.